कुरडई वाळत नाही त्या देशी जाण्यापूर्वी

लिहून ठेवणार: जानराव किसन अवसरमोल, वय ६१ वर्षे, कापूस खरेदी केंद्रावरील निवृत्त ग्रेडर, राहणार देऊळघाट, तालुका व जिल्हा बुलढाणा.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गावात याविषयी दोन मते आहेत, कारण उरलेले आयुष्य श्रीलंकेत समुद्राकाठी काढायचे मी ठरवले आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी आपापला दाखला आणावा. हा मजकूर कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेला नाही. जे दडपण आले ते सगळे लिहू नये म्हणूनच आले. वकीलसाहेबांनी टाईप केलेला मसुदा दिला होता, पण तो फारच रुक्ष वाटला, म्हणून हाताने लिहीत आहे.

कलम १. जाण्याचे कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी बाईचे किंवा बुवाचे नाव घेणार नाही. निवृत्तीच्या पैशाच्या व्याजात पुण्याला एक खोली मिळत नाही. श्रीलंकेत तेवढ्यात दोन खोल्या, नारळाचे झाड, समुद्र आणि शेजारी बुद्धविहार मिळतो. हे झाले लोकांना सांगायचे कारण. खरे कारण असे की तिथे कापूस पिकत नाही. बीटी बियाणे आले तेव्हा केंद्रावर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि लोक हसत यायचे. पुढे गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून टपोरे, आत काही नाही. मी निवृत्त झालो तरी लोक घरी येतात. या दिवाळीत आमच्या गावचे उकंडराव दुपट्ट्यात मूठभर कापूस घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, पाहा ना जरा." मला न पाहताच कळले होते. मी त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर रडलो. आता माझ्याच्याने कोणाचा कापूस पाहवत नाही.

कलम २. देऊळघाट येथील राहते घर, गच्चीसह, माझ्या मागे माझी पत्नी सौ. सिंधू हिला मिळावे. ती माझ्यासोबत येत नसल्यामुळे हे कलम मुद्दाम घालावे लागत आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघे महिनाभर तिथे राहून आलो. मला सगळे पसंत पडले. सिंधूने मात्र गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून घरमालकिणीच्या गच्चीवर कुरडया घातल्या. ऊन असे की डोके तापावे, पण हवा दमट. कुरडयांना तिसऱ्या दिवशी बुरशी आली. मी उशी मुठीत दाबून पाहिली, तीही ओलसर निघाली. त्या उशीतला कापूस मी केंद्रावर घेतलाच नसता. तिने तिथेच निकाल दिला, "ज्या देशात कुरडई वाळत नाही, तिथं मी राहत नाही." घरी आल्यावर आपला पासपोर्ट चुलीत घातल्याचेही सांगितले. लग्नाच्या पस्तीस वर्षांत तिच्याशिवाय मी मेहकरलाही कधी मुक्काम केला नाही. जायचे पक्के केले आहे, पण एकट्याने जाववत नाही हे इथे लिहून ठेवतो, तोंडाने सांगवत नाही.

कलम ३. बँकेतील ठेव मुलगा संघपाल व मुलगी समता यांना सारखी. संघपालने मला हिशेब करून दाखवला होता की परदेशी राहणे परवडत नाही. तो हिशेब त्याने स्वतःच्या सासुरवाडीच्या लग्नात घेऊन दिलेल्या फ्रिजचा करायला हवा होता.

कलम ४. ओलावा मोजायचे यंत्र सरकारी होते, ते जमा केले. माझे खरे यंत्र ही उजवी मूठ, ती कोणाच्या नावे करता येत नाही. धाग्याची लांबी पाहायचे काळे मखमली कापड व स्टीलची पट्टी समताला. लहानपणी ते कापड धरून बसायला तिला फार आवडायचे.

कलम ५. व्यापारी नारायणराव यांनी कापसावर पाणी मारून वजन वाढवण्याची कला हयातभर जोपासली आणि मी परत पाठवलेल्या प्रत्येक गाडीबद्दल माझी वरपर्यंत तक्रार केली. त्यांना माझ्या अंगणातली झारी द्यावी. कशी वापरायची ते सांगण्याची गरज नाही.

कलम ६. मरण तिकडे आले तर तिकडेच दहन करावे. भन्तेजी तिथे भरपूर आहेत. विमानाने आणून लोकांना रजा काढायला लावू नये.

कलम ७. मित्र शकूरभाई, गादीवाले, यांना काहीच ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ज्याला मिळणार त्याने साक्षीला बसू नये, भांडणे होतात, असे वकीलसाहेबांनी बजावले आहे. शकूरभाई थोडे रुसले. "गरमीच पायजे तर मे महिना आहे ना इथं," एवढे बोलून त्यांनी सही करायचे कबूल केले.

दुरुस्ती. सह्यांच्या वेळी दुसरे साक्षीदार माणिकराव आले नाहीत, त्यांची बस चुकली. सिंधू चहा घेऊन आली आणि कलम २ वाचून दाखवा म्हणाली. दाखवले. मेहकरची ओळ तिने दोनदा वाचायला लावली. ती म्हणाली, "आणा, मी करतो सही." मी तिला वकीलसाहेबांचा नियम सांगितला.

"मंग खोडा माझं नाव तिथून," ती म्हणाली. "तुमच्या मागं एकटीनं घर राखाले मी का वाचमन आहो? एप्रिल-मे इथं येऊ, कुरडया वाळवू, डब्यात भरून नेऊ. बाकीचं वर्ष तुमचा समुद्र."

शकूरभाईंनी डोळे पुसले आणि चहा गरम असल्याचे कारण दिले.

सबब कलम २ मधील सिंधूचे नाव तिच्याच सांगण्यावरून खोडले आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे. घर आम्हा दोघांच्या मागे संघपाल व समता यांना सारखे जावे. आम्ही हयात असेपर्यंत गच्चीवर कोणी खोली चढवू नये, ऊन अडेल.

चुलीत घातलेला पासपोर्ट तिने कुरडईच्या डब्यातून काढून माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने हाताने दाबून पाहिला. कोरडा आहे.

लिहून ठेवणार: जानराव किसन अवसरमोल (सही)

साक्षीदार:
१. शकूर इमाम पिंजारी, देऊळघाट (सही)
२. सिंधू जानराव अवसरमोल, राहणार एप्रिल-मे देऊळघाट (सही)

ठिकाण: देऊळघाट
दिनांक: १४ फेब्रुवारी २०१८