दुसरी वेलांटी

४ फेब्रुवारी
बिल्ल्याचं चित्र आज पूर्ण झालं. सारसाची जोडी — एकाची मान खाली, चरतोय. दुसऱ्याची वर, पहारा देतोय. वन्यजीव खात्यातल्या आम्हा लोकांचं काम म्हणजे ती वरची मान. बख्शी का तालाबच्या शेतांत तीन सकाळी उभी राहून त्यांच्या पायांची बोटं मोजली. मागचं बोट जमिनीला टेकत नाही, तेही दाखवलं.
ब्रीद वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं — 'प्रकृती के प्रहरी'. आमच्या सेक्शनच्या प्रमुख नीलम मॅडम न बघताच म्हणाल्या, "हाँ हाँ, आदेश को दे दो." आदेश आमचा कंत्राटी ऑपरेटर. त्याने अक्षरं कॉम्प्युटरवर घेतली, चिठ्ठी परत केली.

९ मार्च
सहाशे बिल्ले आले. पितळी, जड. एक खिशाला लावून पाहिला.

१० मार्च
बड़े साहबांनी मीटिंगमध्ये बिल्ला उचलला. "प्रकृती? ये कौन-सी हिंदी है?" सगळे हसले. मीही हसले — आणि हसता हसता कळलं. हिंदीत पहिली वेलांटी. मी दुसरी दिली. पक्ष्याची बोटं मोजत बसले होते!
मॅडमनी आदेशला सगळ्यांसमोर उभं केलं. "इंटर पास हो, या वो भी किसी से लिखवाया था?" तो म्हणाला, "जैसा पर्ची में था, वैसा ही..." मॅडम म्हणाल्या, "तो शुक्रवार तक पर्ची दिखाओ. नहीं तो छुट्टी."
चिठ्ठी माझ्याकडे. जिन्यात त्याने गाठलं. "दीदी, आपने ही लिखा था न? बस इतना बोल दीजिए. घर में अभी बताया नहीं है."
मी म्हटलं, शोधते.

११ मार्च
माझी पहिली शाळा बाबांची — मानक नगरच्या याच क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या दारात. "शेवटचं अक्षर?" "दीर्घ, बाबा." चुकलं की पट्टी, आणि तीही उभी.
आज त्यांना सगळं सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "बरोबरच लिहिलंस तू."
"हिंदीत ऱ्हस्व असतं, बाबा."
"मग जा, सांग त्यांना की तुला येत नाही. त्या ऑफिसात आपल्या समाजातली तू पहिली. वाटच बघतायत ते." थोड्या वेळाने म्हणाले, "प्रोबेशन कधी संपतंय?"
जूनमध्ये.
राजरत्न जेवताना म्हणाला, "यार दीदी, ठेके वाला है. कहीं और लग जाएगा." धाकटा भाऊ, पण किती सहज बोलतो.

१२ मार्च
कबूल करायचं ठरवून गेले. मॅडमच्या खोलीत शिरले, आणि रजेचे नियम विचारून बाहेर आले.

१३ मार्च
आदेशला चिठ्ठी दिली. तिच्यात आता 'ति'ची वेलांटी पहिली आहे. बाबांचं ड्रॉइंगचं रबर चांगलं, खूण राहत नाही.
त्याने ती खिडकीच्या उजेडात धरून दोनदा वाचली. म्हणाला, "फिर तो ग़लती मेरी ही है. माफ़ कर दीजिए दीदी, आपका नाम ले लिया."
मी म्हटलं, "कोई बात नहीं."