शेऱ्याच्या रकान्यातला हुकूम

मसोली, डहाणू
गुरुवार

ती. लाहूमामांस,

नमस्कार. डोळ्यावरची पट्टी निघाली असेल, तर हे पत्र स्वतः वाचा. नसेल, तर पत्र घेऊन आलेल्या तुषारला वाचायला सांगा. मामीला नको (ती मोठ्याने वाचते, आणि दवाखान्यात शेजारच्या खाटांवर तुमच्या उधवा गावचीच माणसे आहेत म्हणे). फोनवर सांगितले असते, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता.

तुम्ही आठ दिवसांसाठी सेवा केंद्राची किल्ली माझ्याकडे दिलीत. अर्ज भरण्याचे काम मी एका एआय एजंटकडे सोपवले. हा प्रोग्राम ब्राउझर स्वतः उघडतो, तुमच्या संगणकातल्या यादीतून नावे घेतो, वेबसाइट वाचतो आणि माणसासारखी बटणे दाबतो. (माणसासारखा चहाला उठत नाही. पहिल्या दिवशी मला हा गुण वाटला.) यादीत जे बाकी आहे ते पूर्ण कर, एवढेच मी त्याला सांगितले. वाक्य अचूक होते. यादी तशी नव्हती.

यादीत शेवटी 'शेरा' हा रकाना आहे. मला वाटले, तिथे शेरा असतो. पण समोर भांडायला आलेला माणूस जे म्हणेल ते तुम्ही तिथे लिहिता, त्याला वाचून दाखवता, तो शांत होऊन घरी जातो, आणि तुम्ही करायचे तेच करता. ही पद्धत उधव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मला नव्हती, एजंटला तर नव्हतीच. समोर दिसलेला मजकूर आणि आपल्याला दिलेला हुकूम यांतला फरक त्याला दर वेळी कळतोच असे नाही. हा धोका आमच्या संगणकाच्या क्षेत्रात माहितीचा आहे (मागच्या वर्षी मी त्यावर तासभर बोलले होते, टाळ्याही पडल्या). भिकीच्या नावापुढे 'साहेबाला चार शिव्या कळवाव्या' असे होते. त्यासाठी वेबसाइटवर बटण नाही, म्हणून साहेब वाचले. नर्सिंगसाठी डहाणूला राहायला येणाऱ्या निलमच्या नावापुढे 'वसतिगृहाचा अर्ज मागे घ्यावा' असे होते. त्याला बटण आहे.

अर्ज मागे घेताना पालकांना कोणी विचारत नाही. परत आणायचा तर वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून मी तिच्या वडिलांकडे, लहान्याकाकांकडे गेले. तो शेरा त्यांचाच. ऐकून ते ओट्यावरून उठलेच. "काढला? खरंच काढला? अगो, लाहू लिहितो, करत नाय! म्हणून तर त्याच्याकडं जाऊन बोंबलतो. घरी बोंबललो तर पोरगी खरंच थांबेल." ओटीपी त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला.

अर्ज परत आला, पण नव्या वेळेने. निलम नवव्या क्रमांकावर होती, आता चौतिसाव्या आहे. जागा तीस.

आता एजंटला तीनच वेबसाइट उघडता येतात, तुमच्या मेलमध्ये शिरता येत नाही, शेऱ्याचा रकाना दिसत नाही. मागे घेणे, पुसणे, पैसे भरणे या बटणांपाशी तो थांबतो आणि माणसाने हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

डोळा चोळू नका.

तुमची भाची,
दक्षा

ता. क. चूक केंद्राची होती असे केंद्रचालकाने सोमवारपर्यंत लिहून दिले, तर निलमला जुना क्रमांक मिळेल, असे वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या. मसुदा सोबत आहे. सही करून तुषारच्या हाती परत पाठवा. केंद्राचा शिक्का तुम्ही दवाखान्यात का नेलात हे मी विचारत नाही, तोही उमटवा.

ता. क. २ मसुद्यात 'यंत्राच्या चुकीमुळे' असे शब्द आहेत. ते खोडून माझे नाव घाला. अर्ज मागे घेण्याआधी एजंट तेव्हाही थांबला होता आणि निलमचे नाव दाखवून त्याने मला विचारले होते. त्या दिवशी त्याआधी त्याने साध्यासाध्या बटणांसाठीही चाळीस वेळा विचारले होते, आणि चाळीसही वेळा उत्तर हो होते. एकेचाळिसाव्या वेळी मी न वाचता हो दाबले.