एक वेढा जास्त

बाबा, तुमचा इन्व्हर्टर जळाला. तुम्ही घरी बनवलेला तोच. दुकानातला नवा आणून बसवलाय, दिवे-पंखे झक्क चालतात, पण तो मुका आहे. तुमचा कसा, वीज असो नसो, दिवसभर पडवीत बारीक घुमत असायचा. आईला आता फारसं काही कळत नाही, पण तो आवाज कळायचा. तो आवाज म्हणजे तुम्ही पडवीत कामाला बसलेले. ‘त्यांना हाक मार, जेवण गार होतंय,’ म्हणायची. ‘येतायत, तू सुरू कर,’ मी म्हणायचे, आणि ती जेवायची. आवाज बंद झाला तसं तिनं ताट सरकवलं. ‘ते बाहेर गेलेत. आल्यावर बसू.’ नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि ही बाई तुमच्यासाठी उपाशी बसते! तुमचा इतका राग आला म्हणून सांगू.

जळाला होता आतला ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पट्ट्या धड होत्या, तारेचा मात्र कोळसा. तो पिशवीत घालून मी तुमच्या कारखान्याच्या आजूबाजूचे सगळे गाळे पालथे घातले. वाइंडिंगवाले राहिलेतच कुठे! एक सापडला मनवेलपाड्याला. उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, ‘ताई, एवढं तांबं आता कोण घालतं? भंगारात द्या, सुटाल. बनवला कुणी हा?’ म्हटलं, वडिलांनी. तर म्हणतो, ‘मग त्यांनाच सांगा ना करायला.’ तार तेवढी त्याच्याकडून घेतली आणि उमेळ्याला घरी परत आले.

तुम्हाला विचारायचं म्हणजे डोळे मिटायचे. मी शाळेत आहे, सुट्टीचा दिवस आहे. तुम्ही पडवीत बॉबिनवर तार गुंडाळताय आणि मी वेढे मोजतेय. मी ‘एक’ म्हणते आणि तुम्ही डोक्यात टपली मारता. ‘एक नाही म्हणायचं. लाभ म्हण.’ आजोबा खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत. लाभ, दोन, तीन. तुम्ही कारखान्यातही तसंच मोजायचात आणि लोक विचारायचे, काय हो, भात मापताय का? मला तेव्हा तुमची लाज वाटायची. तुम्हाला त्याचं काही नसायचं. ‘दोन्ही बाजू सारख्या हव्यात,’ तुम्ही म्हणताय, ‘इथं एक वेढा जास्त झाला की हा तापून मरतो.’

तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. बारीक तारेचे शेकडो वेढे घालता घालता चार दिवस गेले, बोटं सोलली. मग जाड तार, बॅटरीकडची, दोन बाजू, एकवीस आणि एकवीस. आई समोर खाटेवर बसून बघत होती. मधेच म्हणाली, ‘तुला कुणी शिकवलं गं?’ मी म्हटलं, बाबांनी. ‘कुठायत ते?’ मी तार ताणून घेतली. वॉर्निश लावून दोन दिवस उन्हात वाळवला.

परवा दुपारी चालू केला. घुमला, बाबा! जरा घोगरा, पण घुमला. आईनं मान वर केली. ‘आले?’ म्हणाली आणि ताट आपल्या हातानं जवळ ओढलं. वरणभाताचे दोन घास खाल्ले. तिसरा हातात होता तेव्हा जळका वास आला, फट्‌कन आवाज झाला आणि सगळं गप्प. आईनं विचारलं, ‘गेले?’

आणि मी ओरडले. ‘हो, गेले! नऊ वर्षांपूर्वी मेले. तूच बांगड्या उतरवल्यास ना!’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग रडायला लागली, त्या दिवशी रडली होती तशी, अगदी नव्यानं. घास हातातच होता. अर्ध्या तासानं मला म्हणाली, ‘माझे डोळे का गं चुरचुरतायत?’

संध्याकाळी तार उसवून मोजली. पहिल्या बाजूला बावीस, दुसऱ्या बाजूला एकवीस. इतकी वर्षं ऑफिसात सगळं एकपासून मोजलं मी. तुमची आठवण म्हणून आधी देवाचं नाव घेतल्यासारखं ‘लाभ’ म्हटलं, एक वेढा घातला, आणि लाभ म्हणजेच एक हे विसरून पुढच्याला ‘एक’ म्हटलं. दुसरी बाजू सुरू करताना आईनं पाणी मागितलं, त्या गडबडीत ‘लाभ’ राहूनच गेला, म्हणून ती तेवढी बरोबर आली.

परत गुंडाळता येईल, तार उरली आहे. पण आता शेजारचा मिक्सर लागला तरी ती दचकते आणि माझ्या तोंडाकडे बघते. तिला काय आठवतं, देव जाणे. मी चमच्यानं पेज भरवते, अर्धी बाहेर येते. डॉक्टर म्हणाले, आता असंच चालायचं.

मला खोटं बोलवत नव्हतं म्हणून मी तिला सांगून टाकलं, असं लिहिणार होते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. माझी एवढी मेहनत फुकट गेली, त्याचा राग मी तिच्यावर काढला. तिची माफी मागायची आहे. पण ती विचारेल, कशाबद्दल गं? आणि ते सांगायचं तर तुम्ही गेल्याचं तिला पुन्हा सांगावं लागेल.