वाचलेली चार मिनिटं

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या पावतीच्या सॉफ्टवेअरमधली वजनाची टेस्ट बंद असल्याने दर बिल्डमागे, म्हणजे प्रत्येक नवी आवृत्ती काढताना, चार मिनिटं वाचली. त्यापायी आज निफाडचे द्राक्ष व्यापारी अण्णा यांच्या गाड्या दिवसभर उभ्या राहिल्या. आमच्या पावतीत रिकाम्या क्रेटचं वजन वजाच होत नव्हतं. "टेस्ट पास झाल्याशिवाय आमचं बिल्ड बाहेर पडतच नाही," असं मी अण्णांना छातीठोक सांगितलं होतं. आज फोनवर ते एवढंच म्हणाले, "गाड्या लय वेळ उभ्या हायेत, साहेब. दुसरं कोणी बघू का?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

चहाच्या वेळी पार्टिशनपलीकडून आमच्या टीममधली स्नेहल इम्रानला म्हणाली, "टेस्ट बंद आहे, सांग ना सरांना."

"तू सांग, तू लाडकी."

आता झापायचं कोणाला? म्हणून टेस्ट कोणी बंद केली त्याची नोंद उघडली. डेमोच्या दिवशी घाईत ती टेस्ट मीच बंद केली होती.