रिकाम्या जागी उमटलेली पट्टी

तीर्थरूप आत्याच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, कागदावर कळत नाही, म्हणून आपणच सांगून टाकते.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे दादाकडून समजलं. थेंब वेळेवर घालत असशीलच. इकडे आम्ही ठीक. ह्यांचा खोकला गेला, पण खोकल्याबद्दल बोलणं अजून गेलेलं नाही.

पत्राला कारण असं की, मागे तू शेजारणीला माझी ओळख ‘ही प्रयोगशाळेत बाटल्या धुते’ अशी करून दिलीस. धुते, नाकारत नाही. पण बाटल्यांपलीकडेही तिथे काही घडतं, आणि गेल्या वर्षभरात जे घडलं ते तुला घरच्या माणसाकडून कळलेलं बरं.

तर, आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो आणि तो रोज कुठे ना कुठे तुटतो. (उन्हानं, धुरानं, कधी उगाचच.) तो सांधायला काही प्रथिनं धावतात. त्यांतल्या एकावर आमचं सगळं काम चालतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेमकं त्यालाच चिकटणारं प्रतिपिंड वापरायचं. हे सशाच्या रक्तातून मिळवतात आणि इवल्याशा नळीत, बर्फात बसून ते आमच्याकडे येतं. पेशींचा रस जेलीसारख्या थरातून पळवायचा, पातळ पडद्यावर उतरवायचा, वर हे प्रतिपिंड ओतायचं. प्रथिन असेल तिथे काळी पट्टी उमटते. पट्टी दिसली की प्रथिन आहे, या एका वाक्यावर आमच्या बाईंची तीन वर्षं उभी होती. (बाई म्हणजे आमच्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी. वय अठ्ठावीस, पण रागावली की बाईच वाटते.)

त्या पट्ट्या काढायचे मी. अशा ठसठशीत, की आमचे सर पाहुण्यांना फोटो दाखवताना माझ्याकडे हात करायचे. मग एका सोमवारी सकाळी मला शंका आली. ज्या पेशींमधून ते प्रथिन मुळातूनच काढून टाकलेलं असतं, त्यांचा रस मी जेलीच्या शेवटच्या खणात भरला. तिथे काहीही उमटायला नको होतं. पट्टी उमटली, तितकीच काळी, तितकीच सरळ. म्हणजे आमचं प्रतिपिंड तीन वर्षं भलत्याच प्रथिनाला धरून बसलं होतं आणि आम्ही कौतुकानं त्याचे फोटो काढत होतो.

आत्या, तो फोटो कपाटात सारला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. बाईंचा प्रबंध पंधरा दिवसांवर आला होता. मी आणखी दोनदा तेच करून पाहिलं, दुपारी डबा उघडला, मिटला, आणि तिन्ही फोटो घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," सर म्हणाले.

"तीनदा केलंय, सर."

"चौथ्यांदा करा."

चौथ्यांदाही तेच. मग बाई सहा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत (नमस्कारसुद्धा फ्रीजकडे बघून). सातव्या दिवशी माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आता काय करायचं, ते सांगा." हे त्यांनी मला विचारलं, आत्या, सरांना नाही.

आम्ही पाच नवी प्रतिपिंडं मागवली. एकानं काहीच धरलं नाही, तिघांनी दिसेल त्याला मिठी मारली. पाचवं मात्र गुणी निघालं: प्रथिन आहे तिथे पट्टी, नाही तिथे स्वच्छ कोरा पडदा. कोऱ्या जागेकडे बघून डोळे पुसणारी माणसं तू पाहिली नसशील. आम्ही तिघं होतो. पुढे त्याच प्रतिपिंडानं पेशी तपासल्या, तेव्हा दिसलं की धागा तुटल्यावर आमचं प्रथिन समजत होतो त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचतं. बाईंचा प्रबंध आठ महिने लांबला आणि दुप्पट चांगला झाला. छापून आलेल्या लेखावर माझंही नाव आहे. आभारांत नव्हे, लेखकांत. तिसरं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा. मधल्यांनी त्यातलं हवं ते घ्यावं.

तुझी
भाची

ता. क. वर ‘मला शंका आली’ असं लिहिलं, तिथे पेन जरा पुढे धावलं. खरं तर चष्मा डोक्यावर होता आणि मी चुकीची नळी उचलली. पट्टी नेहमीसारखी उमटली, मीही नेहमीसारखी खूश झाले. नळ्या परत ठेवताना झाकणावरचं लेबल वाचलं, ‘प्रथिन काढलेल्या पेशी’, आणि चष्मा नाकावर ओढून पुन्हा वाचलं. पुढचे तीन प्रयोग मात्र डोळे उघडे ठेवून केले.

आणखी एक ता. क. पुढच्या महिन्यात दीडशे शास्त्रज्ञांसमोर ही हकिकत सांगायला सरांनी मला उभं केलंय. मी चुकीच्या नळीसकट सांगणार आहे. बाई म्हणतात, तेवढं गाळलं तरी चालेल. मला नाही चालणार. पण पाठ करायला बसले की दुसऱ्याच वाक्यावर अडते. म्हणून हे एवढं मोठं पत्र: तू येशील का? पहिल्या रांगेत बस आणि काही कळलं नाही तरी मान हलवत राहा. तू मान हलवलीस की मला पुढचं वाक्य सुचतं.