सोमवारी घरी येणारी माणसं

अहो,

आधीच सांगते, हे पत्र रागाने लिहितेय. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात एकदाही तुमच्याशी भांडले नाही. पण आज राहवत नाही. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. एकदा नाही, कितीतरी वर्षं!

झालं असं. ईशा स्पर्धेसाठी लखनौला गेलीय. हो, तुमची लेकही आता गोल्फच खेळणार, दुसरं काही करणार नाही म्हणते. काल संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, खेल ठीक चल रहा है, मी सोमवारी येते." आवाज मला जरा चोरटाच वाटला. आणि आज सकाळी समोरच्या मिश्राइन भाभी गच्चीवरून ओरडल्या, "काय भाभी, बिटिया कबै आ गई? हमने तो अबै नगरा में देखी हती!"

पोरगी लखनौला आणि दिसते इथे आपल्याच गावात, नगऱ्यात? मी मोबाइल काढून स्पर्धेचा निकाल शोधला. दोन दिवस खेळून झाले की मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, तो तुमचा कट. ईशाचं नाव कटाच्या खाली. म्हणजे शुक्रवारीच मोकळी झाली! मग घरी का नाही आली? कोण आहे नगऱ्यात?

माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे, एकदा शंका आली की तिचा पिच्छा सोडत नाही. तिचं नाव पाहून झालं आणि मी तुमचं नाव टाकलं. जुने निकाल सगळे आहेत हो तिथे! चंदीगढ, कोलकाता, जयपूर. कट चुकला, कट चुकला, कट चुकला. आणि तुम्ही दर वेळी सोमवारी घरी. "चारही दिवस खेळलो, शेवटी नंबर घसरला," असं म्हणत बॅग कोपऱ्यात टेकवायचात. मग ते शनिवार-रविवार कुठे काढलेत?

मी मुलखाची वेडी! यांचा कट हल्ली चुकत नाही म्हणून सोळा सोमवारांचं उद्यापन केलं, आपल्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत प्रसाद वाटला. तुम्ही तर तो दोनदा मागून खाल्लात.

संशय आपल्या लग्नाच्या आधीपासूनचा. मला पाहायला आलात तेव्हा तुमचा उजवा हात उन्हाने करपलेला आणि डावा गोरापान. आईने मला स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, "नले, कोड आहे गं!" तुम्ही बिचारे खिशातून गोल्फ खेळताना डाव्या हातात घालायचा मोजा काढून सगळ्यांना दाखवत बसलात. मग पेटी पुढे ओढलीत, गोरा हात भात्यावर, काळा पट्ट्यांवर, आणि असं गायलात की आई कोड विसरली. मी मात्र बरेच दिवस तो हात निरखत होते.

पुढे तर काय, तुमच्या शर्टांचे वास घेतले, खिसे उलटे केले. पेटी "दुरुस्तीला दिलीय" म्हणालात आणि ती परत आलीच नाही, तेव्हा माझी खात्रीच झाली. बाई आहे, गाणारी आहे आणि पेटी तिच्याकडे आहे. विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटायची. आणि निकाल तेवढा कधी पाहिला नाही!

दुपारी रिक्षा करून नगऱ्यात गेले. मिश्राइननी गल्ली सांगितली होती. वळणावरच पेटी ऐकू आली. आपलीच! तो वरचा फुटका सूर मी झोपेतही ओळखेन. मनाशी म्हटलं, नले, आता बघ काय बघायचं ते.

दार उघडलं दामूभावजींनी. रेल्वेत गार्ड होते, गणपतीत तुमच्या गाण्याला तबल्यावर बसायचे, तेच. अंगात बनियन, हातात भेंडी चिरायची सुरी. मला पाहून गारच पडले.

"वहिनी, तुम्ही?"

"आत कोण आहे?"

"ईशा आहे. दुसरं कोण असणार?" मग आवाज उतरवून म्हणाले, "भैयाही इथेच यायचे. कट चुकला की स्टेशनावरून थेट माझ्याकडे. दोन दिवस गायचं, माझ्या हातची खिचडी खायची, सोमवारी घरी. कितीदा म्हटलं, भैया, रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात, जा ना!"

"मग का नाही आले?"

भावजी भेंडीकडे वळले. मी दटावलं तेव्हा सांगितलं.

मला आठवतच नव्हतं, खरंच. तुम्ही स्पर्धेहून आलात की दारात ओवाळून घ्यायची आपली रीत. एकदा कट चुकला आणि तुम्ही अचानक शनिवारीच आलात. घरात हळदीकुंकू होतं, बायका जमलेल्या, तबक माझ्या हातातच होतं. आणि मी म्हटलं, "हरून आलेल्याला काय ओवाळायचं?" थट्टा होती हो! सगळ्या हसल्या. मी तबक घेऊन आत वळले.

तुम्हीही हसला होतात ना? मी पाहिलं होतं. की तेही खोटंच?

सात वर्षांची ईशा तुमची टोपी घ्यायला दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. ती खेळ तुमच्याकडून शिकली, गाणं तुमच्याकडून शिकली, आणि हरल्यावर आईकडे जायचं नसतं, हे माझ्याकडून शिकली.

भांडायचं होतंत माझ्याशी! "नले, लागलं मला," एवढं म्हणता आलं नाही? इतकी का वाईट आहे मी? बाई निघाली असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. आता कुणाला धरू?

ईशाला न भेटताच परत आले. भावजींना म्हटलं, सांगू नका तिला. घरी येऊन तासभर रडले आणि मग हे लिहायला बसले.

आता उठते. कुंकू, अक्षता, निरांजन, सगळं पिशवीत घातलंय. मिश्राइनना बरोबर नेतेय, कारण बोलले तेही बायकांसमोरच बोलले होते. ईशा हरून आलीय, मी तिला तिथेच, भावजींच्या उंबऱ्यावर ओवाळणार. वचन देते, पोरीला पुन्हा कधी दिवस मोजून घरी यावं लागणार नाही. आणि ती "नको, आई" म्हणाली, तर मी त्याच पायरीवर बसून राहीन, ती हो म्हणेपर्यंत.

तुमची,
नलू