झेंड्याला काजं

व्हरमाँट, ऑगस्ट १८६५

प्रिय लेम,

तू व्हर्जिनियाच्या मातीत आहेस, म्हणून हे पत्र कुठेच जाणार नाही. गुलामगिरी मोडायला निघालेल्या आपल्या रेजिमेंटमध्ये गावची पोरं माझ्या भाषणाने भरती झाली. पहिली सही तुझी. ते भाषण मी आजही तसंच करीन. पण आईने मला माफ केलं का, हे विचारायचं धैर्य नव्हतं.

काल रेजिमेंट परतली. आईनेच शिवलेला झेंडा चर्चमध्ये आणला, तर गोळ्यांनी त्याची नुसती चाळण झालेली. आई सुईदोरा घेऊन उठली, तसा सार्जंट टोबायस आडवा आला.

"काकू, एकही भोक बुजवायचं नाही! हा धरताना नऊ जण पडले, पण झेंडा जमिनीला टेकला नाही."

"माझ्या लेमचं कुठलं?"

त्याने एका ताऱ्याशेजारी बोट ठेवलं.

"बाजूला हो, शहाण्या. बुजवतंय कोण? काजं करते. नाहीतर फाटत जाऊन सगळी भोकं एक होतील."

दुपारभर ती प्रत्येक भोकाच्या कडेने टाके घालत होती. तासन्‌तास बोलणारा मी नुसता दोरा ओवून देत होतो. तुझ्या भोकाशी आल्यावर तिने सुई माझ्या हातात दिली.

"हे तू कर. भाषण तुझं होतं."

माझे टाके वाकडे आलेत, लेम. तिने ते उसवले नाहीत.

तुझा थोरला भाऊ,
फिनियस